हिमयुग ओळखले, माणूस नाही

स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतावर काही ठिकाणी ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे पडलेले दिसतात. जुरा चुनखडीचा, हा ग्रॅनाइट दूरच्या आल्प्समधला. मग हे धोंडे इथे आले कसे? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक विद्वान एखाद्या महापुराकडे बोट दाखवत. बर्फाचे उत्तर जगापुढे ठामपणे मांडले ते लुई अगासी यांनी.

अगासी यांचा जन्म १८०७ मध्ये मोतिए या स्विस गावात, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८३० मध्ये म्युनिकला त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. पण त्यांचा जीव रमला तो माशांच्या जीवाश्मांत. पुढे ते न्यूशातेलला प्राध्यापक झाले. हिमनद्या पूर्वी फार दूरवर पसरलेल्या होत्या, असे व्हेनेत्झ आणि शार्पांतिए हे अभ्यासक आधीपासून सांगत होते. अगासींना ते पटत नव्हते. १८३६ च्या उन्हाळ्यात ते शार्पांतिए यांच्याकडे गेले, खडकांवरचे ओरखडे आणि हिमनदीने रचलेले दगडगोट्यांचे बांध त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मत बदलले.

२४ जुलै १८३७ रोजी न्यूशातेलच्या विज्ञानसभेत लोक माशांवरचे व्याख्यान ऐकायला जमले होते. अगासी बोलले ते बर्फावर. सभेत नाराजी पसरली, पण त्यांनी माघार घेतली नाही. आर हिमनदीवर एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला मुक्काम ठोकून त्यांनी बर्फाची चाल मोजली. १८४० मध्ये हिमनद्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या डोंगरांतही त्यांना बर्फाच्या तशाच खुणा सापडल्या.

हिमयुगाचे चित्र आज बरेच स्पष्ट आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचा मोठा भाग जाड बर्फाखाली होता. अमेरिकेतील पंचमहासरोवरांची खोरी याच बर्फाने कोरून खोल केली. एवढे पाणी जमिनीवर गोठल्याने समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली. सैबेरिया आणि अलास्का यांच्यामधला समुद्रतळ उघडा पडून जमीन झाली. आशियातून निघालेल्या माणसांना अमेरिकेचे दार उघडले ते या भूभागामुळे.

अगासी १८४६ मध्ये अमेरिकेला गेले, हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि तिथे त्यांनी प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभारले. पण माणसाबद्दल त्यांची समजूत वेगळीच होती. मानववंश आपापल्या प्रदेशात स्वतंत्रपणे निर्माण झाले आणि कृष्णवर्णीय कनिष्ठ आहेत, असे ते मानत. त्यासाठी पुरावा म्हणून १८५० मध्ये त्यांनी साउथ कॅरोलिनातील गुलामांची विवस्त्र छायाचित्रे काढून घेतली. त्यांच्या नावाचे वजन गुलामगिरीच्या समर्थकांच्या कामी आले. डार्विनचा उत्क्रांतिवादही त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. जगभरची माणसे आफ्रिकेतील समान पूर्वजांची वंशज आहेत, हे आज जनुकांच्या अभ्यासातून दिसते. धोंडा शेकडो मैल प्रवास करू शकतो, हे अगासींनी जगाला पटवले. एकाच कुळातली माणसे चालत जगभर पसरली असतील, हे मात्र त्यांना स्वतःला पटले नाही.

डिसेंबर १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांच्या थडग्यावर एक ओबडधोबड धोंडा आहे. तो आर हिमनदीवरून, अटलांटिक ओलांडून आणलेला आहे.