मार्क ट्वेन

सॅम्युएल क्लेमेन्स ऊर्फ मार्क ट्वेन यांचा जन्म अमेरिकेंत मिसूरी प्रांतीं १८३५ सालीं झाला. त्यांच्या विनोदी गोष्टी विद्यार्थ्यांस ठाऊक आहेतच. व्यापारांत बुडाल्यावर, देणें फेडण्यासाठीं, वयाच्या साठाव्या वर्षीं ते व्याख्यानें देत पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. १८९६ च्या जानेवारींत मुंबईच्या हॉटेलांत एका जर्मन गृहस्थानें नोकराच्या मुस्कटांत भडकाविली. तें पाहून लहानपणीं गुलामांस होणारी मारहाण त्यांना आठवली.

१८९८ चें स्पेनशीं झालेलें युद्ध क्यूबाच्या मुक्ततेसाठीं आहे असें समजून त्यांनीं उचलून धरलें. पण अमेरिकेनें दोन कोटि डॉलर देऊन फिलिपाइन्स बेटें घेतलीं व तेथील स्वातंत्र्यवाद्यांवरच शस्त्र धरलें, तेव्हां त्यांचें मत पालटलें. १९०१ पासून ते साम्राज्यविरोधी संघाचे एक उपाध्यक्ष होते. त्याच वर्षीं लिहितांना, चीनमधील बंडानंतर गांवकऱ्यांकडून दंड वसूल करणाऱ्या मिशनऱ्यांसही त्यांनीं सोडलें नाहीं. आम्हां मिशनशाळेंतील शिक्षकांस हें वाचणें जड जातें. पण तें गाळून त्यांचें चरित्र सांगणें प्रामाणिकपणाचें नव्हे.

युद्धांत जय मागणाऱ्या प्रार्थनेवरील त्यांचें लहानसें प्रकरण १९०५ सालीं मासिकानें नाकारलें. १९१० सालीं ते वारले. तें प्रकरण १९२३ सालीं छापलें गेलें.