एक टेलिफोन

मे १९३५. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरी एका हॉटेलात ३९ वर्षांचा बिल विल्सन अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होता. शेअरबाजारात नाव कमावलेल्या या माणसाचे सारे दारूने नेले होते. पाच महिन्यांपूर्वी ती सुटली खरी. पण आज धंद्याचा बेत फसला होता, आणि बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. बिल टेलिफोनकडे वळला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत त्याने आपल्यासारखाच एखादा दारुडा शोधला. त्याला उपदेश करायला नव्हे, स्वतः वाचायला!

भेटले डॉ. बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर सहा तास बसले. १० जूनला त्यांनी अखेरचा घोट घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा स्थापनादिन. पुढे बिलची पत्नी लॉइस हिने १९५१ मध्ये व्यसनींच्या घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू करण्यात पुढाकार घेतला.

१९७१ मध्ये बिल गेला, तो सिगारेटींनी फुप्फुसे पोखरल्यामुळे. तो संत नव्हताच. म्हणून तर आज पुण्या-मुंबईच्या सभांतही नुसते पहिले नाव सांगून माणसे मन मोकळे करतात. तिथे हात देणाराही बुडता बुडता वाचलेलाच असतो.