जॉर्ज बूल : ० आणि १ ला नियम देणारे शाळामास्तर

आज आपण जॉर्ज बूल यांची ओळख करून घेऊया. तुमच्या मोबाइलमध्ये, आजोबांच्या कानातल्या डिजिटल श्रवणयंत्रामध्ये यांचंच गणित चालू असतं. आणि हे गृहस्थ आपल्यासारखेच शाळामास्तर होते बरं का!

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे झाला. वडील चांभारकाम करायचे, पण त्यांना दुर्बिणी बनवण्याचा भारी नाद. धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षीच घराची जबाबदारी जॉर्ज यांच्यावर आली. ते डॉनकास्टरला सहायक शिक्षक झाले. एकोणिसाव्या वर्षी लिंकनमध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. वरचं गणित मात्र ते पुस्तकांवरून एकट्यानेच शिकले. विद्यापीठात शिकून त्यांनी पदवी कधीच घेतली नव्हती. तरीही १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजने त्यांना गणिताचे प्राध्यापक नेमले.

त्यांचा विचार अगदी साधा होता. वर्गातून चष्मा असलेली मुलं निवडा. त्यांतून पुन्हा चष्मा असलेली निवडा. तीच मुलं उरतील ना? म्हणजे क्ष × क्ष = क्ष. साध्या अंकगणितात असे आकडे दोनच, ० आणि १. यावर उभारलेलं तर्काचं बीजगणित त्यांनी १८४७ आणि १८५४ च्या ग्रंथांत मांडलं.

आता श्रवणयंत्रातला सिग्नल प्रोसेसर पाहा. बॅटरी इवलीशी, मेमरी थोडी. म्हणून कधी दोन छोटे आकडे एकाच जागेत भरतात, समजा १०११०११०. उजवीकडचे चारच बिट हवेत? भागाकार कशाला करायचा! ००००११११ हा मास्क लावून 'आणि' ही क्रिया करायची. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ राहतो. उत्तर ०००००११०. डावीकडचे हवे असतील, तर सगळे बिट चार घरं उजवीकडे सरकवायचे : ००००१०११. वेळ वाचला, वीजही वाचली. मास्क पुन्हा लावला तरी उत्तर बदलत नाही; क्ष × क्ष = क्ष, तोच नियम!

हे पाहायला बूल मात्र नव्हते. १८६४ च्या हिवाळ्यात ते भर पावसात कॉलेजला चालत गेले आणि ओल्या कपड्यांनीच शिकवलं. न्यूमोनिया होऊन ८ डिसेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं ४९. मागे पत्नी मेरी आणि पाच मुली. धाकटी तर वर्षाचीही नव्हती. पुढे १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिलं की विजेच्या स्विचची मांडणी बूल यांच्या बीजगणिताने करता येते.

उद्या वर्गात आठ मुलांना ओळीत उभं करा. हात वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. मास्क लावायचा खेळ घ्या. आणि याचा काय उपयोग, असं एखाद्या मुलाने विचारलं, तर त्याला बूल सरांची ही गोष्ट जरूर सांगा.