थोरांची ओळख : डॉ. अलॉइस अल्झायमर



आजी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, जेवूनही जेवले नाही म्हणते. मग आपण सहज बोलून जातो, म्हातारचळ लागलाय! पण हा चळ नसून मेंदूचा आजार असू शकतो. हे जगाला दाखवणाऱ्या डॉक्टरांची आज ओळख करून घेऊया.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्कटब्राइट या गावी झाला. डॉक्टर होऊन १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांशी बोलायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पेशी बघायच्या, हेच त्यांचं आयुष्य. अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचाही त्यांनी अभ्यास केला.

१९०१ साल त्यांची परीक्षा बघणारं ठरलं. पत्नी वारली, पदरात तीन लहान मुलं. त्याच नोव्हेंबरमध्ये ऑगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई रुग्णालयात दाखल झाली. किल्ली, पेन दाखवलं की ती नाव बरोबर सांगायची. पण थोड्या वेळाने काय दाखवलं ते आठवायचं नाही. स्वतःचं नावही धड लिहिता येईना. अल्झायमर तिच्यासमोर बसून प्रत्येक उत्तर टिपून ठेवत.

१९०६ मध्ये ती वारली. तिचा मेंदू तपासल्यावर पेशींच्या मधे गाठी आणि पेशींच्या आत गुंता दिसला. शेजारच्या आधार देणाऱ्या पेशीही बदललेल्या होत्या. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं. कुणी एक प्रश्नही विचारला नाही! तरी ते खचले नाहीत. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला त्यांचं नाव दिलं. १९ डिसेंबर १९१५ रोजी, अवघ्या ५१ व्या वर्षी, अल्झायमर गेले.

पुढे १९१९ मध्ये स्पेनच्या रिओ-ओर्तेगा यांनी मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी वेगळ्या ओळखल्या. त्या म्हणजे मायक्रोग्लिया. त्या मेंदूतला कचरा साफ करतात, जंतूंशी लढतात. गुडघा खरचटला की सूज येते आणि काम झालं की उतरते, बरोबर ना? मेंदूतला असा दाह उतरलाच नाही, तर चांगल्या पेशींनाही इजा होते. स्मृतिभ्रंशात या दाहाचा वाटा असतो, असं आज संशोधक मानतात. अपस्मारात तर फिटमुळे दाह वाढतो आणि दाहामुळे पुढची फिट यायला वाट मिळते.

म्हणून बघा, वाशीच्या लोकलमध्ये कुणाला फिट आली तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखान्यात न्या. आणि आजीने तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर अकराव्यांदाही हसून उत्तर द्या. तिला डॉक्टरांकडे न्यायला आईबाबांना सांगा.

अल्झायमर यांच्याकडे औषध नव्हतं. तरीही ते रुग्णापाशी बसले, त्यांनी ऐकून घेतलं. एवढं तर आपल्यालाही जमेल, नाही का?