वरसईचा पायी प्रवासी

मी पांढुर्ण्याचा. मध्यप्रदेशात राहून मी मराठी शाळेत शिकलो याचे येथील मित्रांस, विशेषतः कन्नड विभागातील मित्रांस, मोठे नवल वाटते. आमच्याकडचे लोक सौंसरजवळच्या जाम सावळीच्या हनुमानाला पायी जातात. मीही एकदा गेलो. पायांना फोड आले, आणि परतताना मुकाट्याने बसचे तिकीट काढले. पुढे वाचनालयात 'माझा प्रवास' हाती लागले, तेव्हा त्या फोडांची लाज वाटली.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, सात-आठ लाख रुपये खर्चणार, अशी वार्ता आली आणि 1857 साली ते काका रामभटांसह पायी उत्तरेस निघाले. सातपुडा ओलांडला (आमचाच सातपुडा, पण ते पुष्कळ पश्चिमेकडून गेले) आणि महूजवळ शिपायांकडून कळले की बंड होणार!

मी वाणिज्य शाखेचा, म्हणून असेल, पण त्यांची जमाखर्चाची नजर मला फार आवडली. कोठे काय दक्षिणा मिळाली हे ते विसरत नाहीत, आणि भीती वाटली तर तीही लपवीत नाहीत. 1858 साली झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. गोरे शिपाई घरात शिरले, जमविलेला पैसा गेला. पुढे काल्पीच्या वाटेवर पठाणी वेषातील तहानलेली राणी विहिरीपाशी भेटली. हे पाणी काढू लागले, पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावे हे तिला रुचले नाही. तिने स्वतःच ते काढले. शाळेच्या पुस्तकात ही विहीर आम्हाला कोणी दाखविली नव्हती.

चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सारे लिहिले. वैद्यांनी ते 1907 साली छापले, पण फेरफार करून. मूळ मोडी प्रतीवरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रसिद्ध केले.

मथुरेची दक्षिणा पदरी पडली नाही, झाशीची लुटली गेली. तरी परतताना त्यांनी गंगाजलाची कावड खांद्यावर घेतली, वरसईपर्यंत वाहिली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

माझ्या वडिलांनी संत्र्याच्या बागेवर कर्ज काढून मला येथे शिकावयास पाठविले आहे. मागच्या सुटीत मी त्यांच्यासाठी काय नेले ते आठवून पाहिले. धुवायचे कपडे नेले होते.