विश्लेषण : घोट्यातल्या इंजेक्शनमागचा डॉक्टर… ‘कॉर्टिसोन’चे जनक फिलिप हेंच कोण होते?

आमवातात, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिसमध्ये, घोटा किंवा पाऊल सुजले आणि गोळ्यांनी भागेना, की डॉक्टर कधी कधी थेट सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. या उपचाराचे मूळ अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांच्या वीस वर्षांच्या चिकाटीत आहे.

कोण होते हेंच?

त्यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1896 रोजी पिट्सबर्गमध्ये झाला. 1920 मध्ये ते डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये रुजू झाले आणि 1926 पासून संधिवात विभाग सांभाळू लागले.

काविळीने काय शिकवले?

आमवात बरा होत नाही, वाढतच जातो, असे तेव्हा मानले जाई. 1929 मध्ये मात्र 65 वर्षांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याची सांधेदुखी ओसरली. गरोदरपणातही अनेक स्त्रियांना आराम पडतो, हे हेंच यांनी टिपले. दुखणे शमवणारा पदार्थ शरीरातच असावा, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी पित्ताचे क्षार देऊन पाहिले, पण गुण आला नाही.

त्याच संस्थेत रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथीतील संप्रेरके वेगळी करत होते. त्यातले एक रुग्णांवर वापरायचे 1941 मध्ये ठरले. मात्र ते पुरेसे हाती यायला 1948 उजाडले. गंमत म्हणजे, ते बैलाच्या पित्तातील आम्लापासून तीसहून अधिक टप्प्यांत बनवावे लागे.

पहिला रुग्ण कोण?

21 सप्टेंबर 1948 रोजी 29 वर्षांच्या, जेमतेम हालचाल करू शकणाऱ्या एका महिलेला स्नायूत पहिले इंजेक्शन दिले गेले. आठवडाभरात ती बाजारात खरेदीला गेली. 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळाले.

मग सांध्यात इंजेक्शन का?

औषध थांबले की दुखणे परते. जास्त काळ घेतल्यास चेहरा सुजे, साखर वाढे, हाडे ठिसूळ होत. हा कायमचा इलाज नाही, हे हेंच स्वतः बजावत. औषध दुखऱ्या जागीच द्यावे, हा मार्ग फिलाडेल्फियाचे डॉक्टर जोसेफ हॉलंडर यांनी 1951 मध्ये दाखवला. कॉर्टिसोनचे रूपांतर यकृतात व्हावे लागते, म्हणून सांध्यासाठी त्यांनी हायड्रोकॉर्टिसोन निवडले.

आज काय काळजी घेतात?

आता जास्त काळ टिकणारी स्टेरॉइड वापरतात. घोट्याखालच्या लहान सांध्यांत सुई नेमकी जावी म्हणून सोनोग्राफीची मदत घेतली जाते. आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. जंतुसंसर्ग असल्यास इंजेक्शन टाळतात. टाचेमागच्या जाड शिरेतही ते देत नाहीत, कारण ती तुटू शकते. मधुमेहींची साखर काही दिवस वाढू शकते. आमवाताच्या नेहमीच्या गोळ्या मात्र इंजेक्शननंतरही सुरूच ठेवाव्या लागतात.

हेंच यांचे 30 मार्च 1965 रोजी जमैकात निधन झाले.