राजाच्या नातवाची रोजनिशी

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचे नातू ऑगस्टस डेस्टे १८२२ च्या डिसेंबरात स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात एका पितृतुल्य आप्ताला भेटावयास गेले. पोचले तो आप्त निवर्तलेला. अंत्यविधीनंतर पत्रे वाचावयास घेतली, तर अक्षरे पुसट दिसू लागली. लेखणीला टोक काढणेही जमेना. पत्रांची उत्तरे दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्यावी लागली. पुढे ते आयर्लंडला गेले आणि कोणत्याही उपचाराविना दृष्टी पूर्ववत झाली. डेस्टे तेव्हा २८ वर्षांचे होते.

राजाच्या संमतीविना झालेला आईवडिलांचा विवाह १७९४ मध्ये रद्द ठरला, म्हणून डेस्टे राजपुत्र होऊ शकले नाहीत. वारशाचा दावाही १८४४ मध्ये उमराव सभेने फेटाळला. इतिहासाने त्यांना एवढ्यापुरतेच ओळखले असते. परंतु त्यांनी आपल्या व्याधीची रोजनिशी लिहिली, आणि तिचा आरंभ त्या पुसट अक्षरांपासून केला.

दृष्टीचा त्रास पुन्हा उद्भवला. १८२७ मध्ये फ्लॉरेन्स येथे एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. तेही ओसरले, पण मग पायांतील बळ गेले. जळवा झाल्या, औषधी झऱ्यांचे पाणी झाले, दिवसातून दोनदा गोमांस आणि मद्य असा आहारही झाला! वैद्यांना हसण्यात अर्थ नाही. डोळ्याच्या आत पाहण्याचे हेल्महोल्ट्झ यांचे उपकरण १८५१ चे. मल्टिपल स्क्लेरोसिसचे शार्को यांनी केलेले सुसंगत वर्णन १८६८ चे. अखेरची वर्षे चाकांच्या खुर्चीत काढून डेस्टे १८४८ मध्येच वारले होते.

या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणावर उलटते. दृष्टीच्या मज्जातंतूला दाह झाला की काही दिवसांत नजर मंदावते, डोळा हलविताना दुखतो, लाल रंग फिका भासतो. बहुधा काही आठवड्यांत नजर सुधारते, आणि फसगत होते ती येथेच. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने सुधारणा लवकर होते, मात्र अंतिम दृष्टीत फारसा फरक पडत नाही, असे अमेरिकेतील १९९२ च्या चाचणीत आढळले. अशा प्रत्येक रुग्णाला पुढे हा रोग होतोच असे नाही. म्हणून आज मेंदूचे एमआरआय चित्र काढतात. रोग ठरल्यास पुढील झटके कमी करणारी औषधे आता आहेत.

डेस्टे यांची रोजनिशी डॉ. डग्लस फर्थ यांनी १९४८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर बरोबर १०० वर्षांनी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती वाचणाऱ्या डॉक्टरांना रोग ओळखण्यासाठी रुग्णाला तपासण्याची गरज उरली नव्हती.